बैलउताराचं इंग्रजी नाव

विलायतेत शिकून आलेल्या दिवाण रणदिव्यांचं कुठलंही बोलणं ‘आमच्या ऑक्सफर्डला’ म्हटल्याशिवाय सुरूच होत नसे. नवा पूल बघायला ते बैलउतार गावी आले आणि नाव ऐकूनच त्यांनी नाक मुरडलं.

“बैल इथून नदी ओलांडतात म्हणून बैलउतार? असलं गावंढळ नाव पुलावर कोरायचं? रणदिवेनगर कोरा!”

गावकऱ्यांचे चेहरे पडले. दिवाणांपुढे बोलणार कोण? यसाजी मास्तरांना मात्र शाळेतला इंग्रजी शब्दकोश आठवला आणि ते हात जोडून पुढे झाले.

“सरकार, नाव गावंढळ आहे, कबूल. मग त्याचंच इंग्रजी करून द्या, म्हणजे पुलाला शोभेल. आमचं इंग्रजी कच्चं.”

दिवाण खुलले. “त्यात काय अवघड? बैल म्हणजे ऑक्स. नदीचा उतार म्हणजे फोर्ड. झालं, ऑक्स...”

आणि दिवाणांनी जीभ चावली.

“ऑक्सफर्ड!” मास्तर हरखून म्हणाले. “म्हणजे सरकार, तुम्ही विलायतेतल्या बैलउतारालाच शिकलात की!”

पाथरवट छिन्नी घेऊन तयारच होता. “काय कोरू, सरकार?”

दिवाण घोड्यावर बसता बसता पुटपुटले, “आहे तेच कोर.”