ठकूबाईनं खुराडं हलवलं

फार फार वर्षांपूर्वी, धामणखोऱ्यात घड्याळ पोचलं नव्हतं आणि दिवस कोंबडा आरवला की उगवायचा, तेव्हाची ही गोष्ट. त्या खोऱ्यात ठकूबाई राहायची. तिची एकेक कोंबडी दिवसाला दोन अंडी घालायची, असं म्हणतात. आता दोन की एक, ते तिचं तिलाच ठाऊक. पण घार तिच्या अंगणावरून जाताना वाट वाकडी करायची, हे खोऱ्यातलं शेंबडं पोरही शपथेवर सांगेल.

ठकूबाईच्या धाकट्या लेकाचं लग्न झालं आणि चांगुणा घाटावरून नांदायला आली. निघताना आईनं तिच्या हाती दोन पांढऱ्या कोंबड्या दिल्या होत्या. "जिवाला सोबत होईल," म्हणाली होती. सोबत कसली! ठकूबाईच्या खुराड्यात अकरा कोंबड्या आणि त्या अकराजणींवर पाटलीण नावाच्या तांबड्या कोंबडीचं राज्य. तिनं पांढऱ्यांना दाण्याजवळ फिरकू दिलं नाही. एकीच्या डोक्यावरची पिसं उपटून तिला रक्तबंबाळ केलं.

घरातही तेच चाललं होतं, फक्त चोची दिसत नव्हत्या. चांगुणानं विचारलं, मीठ कुठं आहे, की दोघी जावा एकमेकींकडे बघून हसायच्या. "एवढंबी ठावं न्हाई व्हय गं?" मग तिनं विचारणंच सोडलं. एकदा आमटी तशीच अळणी वाढली, तेव्हा तर हसण्याला ऊतच आला. त्या संध्याकाळी चांगुणानं मनाशी ठरवलं, पांढऱ्या जगल्या तर राहायचं, मेल्या तर आल्या वाटेनं माघारी जायचं. हे ती फक्त त्या दोन पांढऱ्यांच्या कानात बोलली. पण कोंबड्यांच्या कानातलं सगळं ठकूबाईला कळायचं, असं म्हणतात.

ठकूबाई कामाला लागली. तिनं पांढऱ्यांना सात दिवस अंगणात डालग्याखाली ठेवलं, म्हणजे जुन्या-नव्यांची नजरानजर व्हावी. मग तेराही जणींना चुलीतली राख फासली, म्हणजे तांबडी कोण आणि पांढरी कोण, कळू नये. मग दिवेलागणीला, कोंबड्या पेंगुळल्यावर, पांढऱ्यांना हळूच दांडीवर नेऊन बसवलं. सकाळी पाहते तर पाटलिणीचं आपलं पहिले पाढे पंचावन्न.

ठकूबाई दिवसभर दगडावर बसून बघत राहिली. पाटलीण आधी आपली जागा बघायची आणि मग चोच मारायची. ठकूबाईनं हे तीनदा पाहिलं, उठली आणि कुदळ घेतली.

तिनं जुनं खुराडं पार मोडून टाकलं. गोठ्याच्या मागं नवं उभारलं, दार उलट्या तोंडाला केलं, बसायच्या दांड्यांची दिशाही फिरवली. सांज झाली तशा तेराही कोंबड्या दारात येऊन थबकल्या. कुणी कुठं बसायचं, एकीलाही कळेना. पाटलिणीनं खुराड्याला तीन फेऱ्या मारल्या. शेवटी डोक्याला जखम झालेली पांढरी आत शिरली आणि पाटलीण मुकाट्यानं तिच्या मागोमाग जाऊन तिला खेटून बसली.

सासरी आल्यापासून चांगुणा पहिल्यांदा हसली. ठकूबाई मात्र घराकडे बघत होती.

"खुराडं झालं," ती म्हणाली. "आता घर ऱ्हायलं."

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं पदर खोचला. चुलीचं तोंड फिरवलं, हंडे हलवले, मडक्यांची उतरंड उचलून दुसरीकडे रचली. जातं उचलायला चार गडी लागायचे. ठकूबाई नुसती "चल गं बाई" म्हणाली आणि ते आपणहून कोपऱ्यात गेलं, असं म्हणतात. जावा उठल्या त्या आपल्याच घरात चाचपडत फिरायला लागल्या.

"आत्याबाई, मीठ कुठाय वो?" थोरलीनं रडकुंडीला येऊन विचारलं.

"मला काय ठावं?" ठकूबाई म्हणाली. "मीबी आजच आलेय या घरात."

मग चौघी मिळून शोधायला लागल्या. मिठाचं मडकं रांजणाच्या आड होतं आणि ते चांगुणाला सापडलं. तिनं ते थोरलीच्या हातात दिलं. थोरली आज हसली नाही. "बरं गावलं गं बाई तुला," म्हणाली आणि तिनं चांगुणाला आपल्या शेजारी जेवायला बसवून घेतलं.

पांढऱ्या जगल्या. चांगुणा साठ वर्षं त्या घरात नांदली. रोज सांजेला खुराड्याचं दार लावताना ती हात जोडायची आणि म्हणायची, "आत्याबाई, तुमी तुमचं खुराडं मोडलंत, म्हणून माझं घर झालं."

ठकूबाई गेली तेव्हा खोऱ्यातल्या सगळ्या कोंबड्या एका ओळीत ओढ्यापर्यंत चालत गेल्या आणि एकीनंही दुसरीला टोच मारली नाही, असं म्हणतात.

आजही धामणखोऱ्यात सून घरात यायच्या आदल्या दिवशी ठकूबाईचं नाव घेऊन सगळं घर हलवतात. कपाट हलतं, गॅसची शेगडी हलते, टीव्हीसुद्धा सुटत नाही. शाळेत नवं पोर आलं की मास्तर सगळ्या वर्गाच्या जागा बदलतात. आणि नवी नवरी पहिल्या दिवशी विचारते, मीठ कुठं आहे? तेव्हा सासू, जावा, नणंदा सगळ्या उठतात आणि तिच्याबरोबर मीठ शोधायला लागतात.