खाटेजवळची परीक्षा

नर्सच्या परवान्याच्या परीक्षेआधी पोरींचा सराव आम्हा पेशंटच्या खाटेजवळ घ्यायचे. सरावात जी चुकली, तिला परीक्षेला बसू देत नसत. माझ्या खाटेशी वैजयंताची पाळी आली. सराव घेणारे घाटपांडे सर माझं मनगट धरून गरजले, "बाबांची नाडी उधळलीय! पहिलं काय करशील? बोल!"

वैजयंता हळूच म्हणाली, "सर, पहिलं तुम्ही जरा बाहेर थांबा."

"मी?"

"तुम्ही यायच्या आधी नाडी शांत होती. कारण दूर न करता औषध कसं देऊ?"

सर तणतणत बाहेर गेले. वैजयंतानं पाहिलं, नाडी उतरली होती. खात्री करायला सरांनी परत येऊन मनगट धरलं, तर ती पुन्हा उधळली.

"पास" मात्र ते बाहेर जाऊनच म्हणाले.