उदमांजर झाडावर का झोपतं

फार फार वर्षांपूर्वी, सशाने शिंगं टाकून दिली त्याच्या पुढच्याच साली, एका रानात एक साळिंदर आणि त्याची बायको सायाळ राहत होते. मी काही त्यांना पाहिलेलं नाही. पण ज्या घुबडाने मला हे सांगितलं, ते दिवसा कधीच खोटं बोलत नाही. दिवसा ते झोपलेलं असतं.

तर त्यांचं बीळ ढासळलं, आणि सायाळ होती गरोदर. साळिंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचे काटे कोवळ्या गवतासारखे मऊ असतात. ते कडक होईपर्यंत त्याला राखतं ते फक्त घर. म्हणून घर हवं होतं, आणि लवकर हवं होतं.

त्या रानाची रीत अशी, की घर घ्यायला एकट्याने जायचं नाही. आपल्या वतीने बोलणारा कुणीतरी सोबत न्यायचा. सगळं रान उदमांजरालाच नेई. बोलायला गोड, आणि अंगाला वास कसला, तर आंबेमोहोर भात शिजत असल्यासारखा! ते दारात उभं राहिलं, की आत चूल पेटलीच आहे असं वाटे.

उदमांजराने दोघांना घोरपडीचं बीळ दाखवलं. दारातच थांबून म्हणालं, "साळिंदरराव, श्वास घ्या. कसं वाटतं?"

"घरी आल्यासारखं!"

"मग उशीर कशाला? ससा येऊन बघून गेलाय."

"भाऊजी," सायाळ म्हणाली, "समजा, आम्ही हे घर घेतलं नाही, तर?"

"वहिनी, असं अभद्र बोलू नका! घोरपडबाईंनी मला टोपलीभर उंबरं कबूल केलीत, ती हे घर खपल्यावर."

सायाळीने काटे फुलवले. "म्हणजे बोलता आमच्या वतीने, आणि खाता त्यांच्या घरचं?"

ती तडक चिचुंद्रीकडे निघाली. साळिंदर मागून कुरकुरला, "अगं, तिच्या अंगाचा वास! लोक काय म्हणतील?"

"लोकांना त्या घरात बाळंत व्हायचं नाहीये."

चिचुंद्रीने आपली मजुरी आधीच सांगितली. "घर घेतलंत तरी एक अळी, नाही घेतलंत तरी एक अळी. ती आत्ताच द्या, म्हणजे मला घाई नाही."

अळी खाऊन ती घोरपडीच्या बिळाशी आली आणि उदमांजराला म्हणाली, "दादा, जरा त्या करवंदीच्या जाळीपलीकडे उभे राहा. तुमचा भात शिजतोय तोवर घराचा वास कळायचा नाही."

मग ती आत शिरली. मधून नाही, भिंतीच्या कडेकडेने, एकेक कोपरा हुंगत. बऱ्याच वेळाने बाहेर आली.

"पुढची खोली चांगली आहे. मागच्या कोपऱ्यात घोणस आहे. पोट भरून झोपलीये, म्हणून मी हे सांगायला परत आले."

"ती होय?" दाराशी बसलेली घोरपड म्हणाली. "ती पाहुणी आहे. जाईल."

"आली कधी?"

"मी घर विकायचं ठरवलं, त्याच्या आदल्या दिवशी."

उदमांजर जाळीआडून ओरडत आलं, "साफ खोटं! मी आत झोपून दाखवतो!"

"दाखवा की," चिचुंद्री म्हणाली.

ते ऐटीत आत गेलं आणि बाणासारखं बाहेर आलं, ते थेट उंबराच्या शेंड्यावर. तेव्हापासून उदमांजर झाडावरच झोपतं. खोटं वाटत असेल तर वर बघा.

त्यानंतर चिचुंद्रीने कितीतरी बिळं नाकारली. साळिंदराचं तोंड वाकडं झालं, तरी ती नाकारतच राहिली. शेवटी खडकाखाली एक साधं, कोरडं बीळ मिळालं. तिथे सायाळ बाळंत झाली, आणि पिल्लांचे काटे सावकाश, निवांतपणे कडक झाले. साळिंदर अजूनही चिचुंद्री दिसली की नाक मुरडतो. पण आधी बाजूला सरून तिला वाट देतो.

तात्पर्य: घर बघायला अशालाच सोबत न्यावं, ज्याचं पोट आपण 'नको' म्हटलं तरी भरतं.