कोपऱ्यातलं पॅनेल

फार जुनी नाही ही गोष्ट. एका पाच मजली इमारतीच्या गच्चीवर बारा सोलर पॅनेलं एकाच तारेत ओवलेली होती. त्यांच्या विजेवर सगळ्यांची लिफ्ट चाले.

एकदा गोदाक्कांनी कोपऱ्यातल्या पॅनेलवर कुरडया वाळत घातल्या. त्याला कोण आनंद झाला!

"अरे, तू झाकलं गेलंस की आमचीही वीज अडते," शेजारचं पॅनेल कळवळलं.

"ऊन माझं, मी कुणालाही देईन," ते फणकारलं.

दुपारी लिफ्ट बंद पडली. गोदाक्का कठडा धरत, धापा टाकत पाच जिने चढून आल्या आणि कुरडया परतत म्हणाल्या, "बाकीची नुसती उन्हात बसलीत. कामाचा तू एकटाच रे, बाळा!"

जन्म उन्हात काढलेल्या त्या पॅनेलला पहिला चटका बसला, तो सावलीत.