उजवा कौल

“पण बुवा, आता देवाला विचारायला हरकत काय?”

“आता म्हणजे?” धोंडबुवा फुलं निवडत होते, त्यांनी मान वर केली नाही. “कौल आधी घ्यायचा, मग पाऊल टाकायचं. तू तर तिकीट खिशात घालून आलास.”

विश्राम तेंडोलकर त्यांच्यासमोर खाली बसला.

कालच त्याच्या गळ्यात लोकसभेच्या उमेदवारीची माळ पडली होती. उद्या अर्ज भरायचा होता, म्हणून आज गावच्या देवाचा कौल. आमच्याकडे ही रीतच आहे. विहीर खणायची असो की सोयरीक जुळवायची, देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. एवढं शेंबड्या पोरालाही कळतं.

बाहेर अंगणात कार्यकर्त्यांची ही गर्दी. गळ्यात पक्षाची उपरणी, हातात फटाक्यांच्या लडी. कौल काय लागणार, हे त्यांचं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

धोंडबुवा देवळाचे गुरव. ऐंशीच्या पुढचे. लहानपणी विश्राम त्यांच्याच हाताखाली भजन शिकला, आणि अजून त्यांच्यासमोर तो जमिनीवरच बसतो. तेवढं तरी त्याच्यात शिल्लक आहे म्हणायचं.

“आबा कसे आहेत?” बुवांनी विचारलं.

“...बरे असतील.”

“असतील?”

आबा मोर्जे. या जिल्ह्यात पक्षाला कुणी कुत्रं विचारत नव्हतं, तेव्हापासून झेंडा धरून उभा राहिलेला माणूस. विश्रामला कॉलेजातून उचलून व्यासपीठावर बसवलं ते आबांनीच. यंदाचं तिकीट आबांचं, हे सगळे धरूनच चालले होते. मग दिल्लीहून निरीक्षक आले, एकेकाला खोलीत बोलावून मत विचारून गेले, आणि आबांचा पत्ता कट झाला.

कालपासून आबांनी दार लावून घेतलंय. जेवणाचं ताट तसंच परत येतं म्हणतात.

“निरीक्षकांनी तुलाही बोलावलं असेल,” बुवा म्हणाले.

“हो.”

“काय बोललास?”

“खरं तेच बोललो. आबा थकलेत. विसरायला लागलेत. परवाच्या सभेत शेजारी बसलेल्या तालुकाध्यक्षाचं नाव त्यांना आठवेना, सगळ्यांनी पाहिलं...”

“तू नाही कधी कुणाचं नाव विसरलास?”

विश्रामनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

“हे आबांच्या तोंडावर बोलला असतास?”

“बुवा, राजकारणात असं...” त्यानं बाहेरच्या गर्दीकडे बोट दाखवलं. “लावा हो पाकळ्या. लोक ताटकळलेत.”

गुडघ्यावर हात टेकत बुवा उठले. पाकळ्या पाण्यात बुडवून त्यांनी देवाच्या खांद्यांवर लावल्या. दारात माणसांची रेटारेटी सुरू झाली.

“काय विचारू?”

“विचारा, निवडून येईन का.”

बुवांनी हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. “बा देवा म्हाराजा! ह्यो तुझो लेकरू आज तुझ्या पायाकडे इलो हा...”

“व्हय म्हाराजा!” अख्खं अंगण गरजलं.

पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत.

कुणीतरी खोकलं. कुणीतरी त्याला गप्प केलं. विश्रामच्या सदऱ्याची पाठ घामानं भिजली.

“पाणी जास्त झालं असेल,” तो पुटपुटला.

“असेल.” बुवा त्याच्याकडे बघत होते. “की तुला भलतंच काही विचारायचंय?”

विश्रामनं दाराकडे पाहिलं. मग देवाकडे...

“मनातल्या मनात विचारलं तर चालेल?”

“गाऱ्हाणं मोठ्यानं घालतात रे. गावाला ऐकू गेलं पाहिजे. त्यासाठीच तर गाव जमतो.”

“एवढ्या वेळेला, बुवा. पाया पडतो तुमच्या.”

बुवांनी ओले हात धोतराला पुसले.

“विचार,” शेवटी म्हणाले, आणि एक पाऊल बाजूला झाले.

विश्राम पुढे वाकला. इतका हळू बोलला, की शेजारी उभ्या बुवांनाच काय ते ऐकू गेलं.

“देवा... मी आबांचा केसानं गळा कापला का?”

उजवी पाकळी टपकन खाली पडली.

“उजवा! उजवा कौल दिला देवानं!”

मग काय विचारता! ढोल सुरू झाले. लडी तडतडायला लागल्या. गुलाल पार गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत उडाला. “विश्रामभाऊंचा विजय असो!” एक म्हातारा कार्यकर्ता तर चक्क रडायला लागला, आनंदानं.

विश्राम तसाच वाकलेला. तोंड पांढरंफटक. शत्रूचंही असं तोंड बघवू नये.

“भाऊ, उठा!” दोन पोरं आत घुसली, त्यांनी त्याला दंडाला धरून उभं केलं. “जीप तयार आहे. मिरवणूक आबांच्या दारावरनंच नेऊ. कळू दे थेरड्याला, देव कुणाच्या बाजूला आहे ते!”

कुणीतरी त्याच्या गळ्यात हार घातला. कुणीतरी कपाळाला गुलाल फासला. त्यानं काहीच केलं नाही. पोरं जीप पुढे घ्यायला पळाली, तसा तो वळला आणि त्यानं बुवांचा हात घट्ट धरला.

“बुवा, ते आबांच्या दारात ढोल वाजवणार...”

“वाजवतील.”

“बाहेर जाऊन सांगू का त्यांना? मी काय विचारलं होतं ते?”

बाहेरून हाका येत होत्या. भाऊ! अहो भाऊ!

बुवांनी आपला हात हळूच सोडवून घेतला.

“सांगायचं असतं, तर मोठ्यानं विचारलं असतंस.”