तळं मोजावं आपापल्या पावलांनी

फार लांब नसलेल्या एका जंगलात लोकशाही नांदत होती. म्हणजे तिथे गवेराजे राज्य करत, आणि दर पाच वर्षांनी आपल्याविरुद्ध कुणाला उभं राहायचं आहे का, असं शिंगं खाली करून विचारत. कुणालाच नसायचं. मग गुलाल उधळला जाई आणि सगळे आपापल्या बिळात परतत.

त्या जंगलात एकच तळं होतं आणि तळ्याकाठी एकच शाळा. तिथे टिटवीबाई दुसरीला शिकवत. आभाळ पडू नये म्हणून टिटव्या पाय वर करून झोपतात, असं म्हणतात. बाई तर जागेपणीही आभाळ आपल्याच भरवशावर आहे अशा समजुतीत असायच्या. एकदा त्यांनी पोरांना सत्यावर निबंध घातला, आणि शेवटी तो स्वतःच लिहून भिंतीवर लावला. पोरांच्या निबंधांत सत्य जरा जास्तच आलं होतं.

चैत्रात पळस फुलले की दुसरीला लांबीचा धडा असे. धड्यात लिहिलं होतं, ‘परिसरातली एखादी गोष्ट आपापल्या पावलांनी मोजा.’ परिसरात मोजण्यासारखं तळंच होतं. गेल्या वर्षी हत्तीचं पिल्लू ढब्बू काठाकाठानं फेरी मारून आला होता, आणि दोनशे पावलं हा आकडा भिंतीवर कोळशानं लिहिला होता. पुढे गवेराजांनी चिखलात लोळण्यासाठी तळ्यातून एक पाट काढून घेतला. राजाला चिंतनासाठी थंडावा लागतो, असं दवंडीत सांगितलं गेलं.

यंदा तळं बरंच आत सरकलं होतं. हे बाईंइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. काठच्या खड्यांत त्यांची अंडी होती, आणि उन्हं तापली की त्या तळ्यात पोट भिजवून अंड्यांवर बसत. पूर्वी चार उड्यांत पाणी गाठायच्या, आता धाप लागत होती. पाणी आटलं तर अंडी उन्हात शिजणार, एवढा हिशेब त्यांना कुठल्याही धड्याविना येत होता.

अशात शिक्षणमंत्री मुंगूसराव शाळा बघायला येणार असल्याचा निरोप आला. गेल्या वर्षीचा आणि यंदाचा आकडा शेजारी शेजारी हवा आणि त्यांत प्रगती दिसायला हवी, असं निरोप्या माकडानं बजावलं. ज्या गुरुजींच्या वर्गात मागच्या खेपेला प्रगती दिसली नव्हती, त्यांची बदली कड्यावरच्या शाळेत झाली होती. तिथे विद्यार्थीच नव्हते.

बाई विचारात पडल्या. खरं लिहावं तर बदली होणार आणि अंडी वाऱ्यावर पडणार. खोटं लिहावं तर भिंतीवरचा सत्याचा निबंध डोळे वटारत होता. शेवटी धडाच मदतीला धावला. आपापल्या पावलांनी, एवढंच तर तो म्हणत होता. यंदा कुणाच्या, हे त्यानं कुठे सांगितलं होतं? बाईंनी यंदाही दुसरीतच असलेल्या ढब्बूला फळा पुसायला बसवलं आणि बिजली नावाच्या सशीला तळ्यावर धाडलं. ती बाराशे पावलं मोजून आली. बाईंना स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं आणि लाजही वाटली, पण कौतुक आधी वाटलं.

मुंगूसराव आकडे बघून गहिवरले. “बंधू-भगिनींनो,” ते दुसरीच्या वर्गाला म्हणाले, “आजवर किती राजे आले आणि पाणी पिऊन गेले. तळं सहापट करून दाखवणारा राजा आपल्याला आत्ता लाभला.” बाईंना आदर्श शिक्षिकेची शाल मिळाली. ती एवढी मोठी होती की बाई तिच्याखाली दिसेनाशा झाल्या, आणि टाळ्या शालीलाच पडल्या.

तळं वाढलं म्हटल्यावर जादा पाण्याचं करायचं काय, असा प्रश्न दरबारात निघाला. पाट रुंद करायचं एकमतानं ठरलं. वैशाखात पुन्हा आकडा मागवला गेला, तेव्हा तळ्याचं डबकं झालं होतं आणि बिजलीची पावलंही पुरेनात. बाईंनी कणी नावाच्या मुंगीला धाडलं. जिथे पाणी बघून ती निघे, तिथे ती पोहोचेपर्यंत चिखल झालेला असे, तरी आकडा लाखाच्या वर गेला. तो लिहायला भिंत पुरेना, म्हणून सत्याचा निबंध काढावा लागला.

त्या दिवशी ढब्बू हळूच बाईंजवळ आला.

“बाई, गेल्या वर्षी माझं मोजायचं चुकलं होतं का?”

“चुकलं नव्हतं रे बाळा. तुझं पाऊल मोठं पडतं, एवढंच.”

तेव्हापासून ढब्बू पाय आखडून चालायला लागला. ते बघून बाईंच्या पोटात तुटायचं. शाल पांघरली की जरा कमी तुटायचं.

ज्येष्ठ लागता लागता डबकंही गेलं. गवेराजांनी प्रजेच्या प्रेमापोटी आपल्या लोळणीतलं पाणी घरटी एक द्रोण वाटायला काढलं, आणि सारं जंगल रांगेत उभं राहिलं. अंड्यांवर नवऱ्याला कोरड्या पोटानं बसवून बाईही आल्या. रांगेचं पुढचं टोक त्यांना दिसत नव्हतं, मागचंही दिसत नव्हतं. एवढी रांग कधी बघितली नाही, अशी कुजबुज सुरू झाली आणि ती दरबारापर्यंत गेली. मुंगूसराव लगबगीनं आले आणि रांगेत बाईंना हुडकून म्हणाले, “बाई, अफवा फार पसरल्यात. तुमच्या शास्त्रीय पद्धतीनं ही रांग मोजून द्या.”

कणी शेजारीच उभी होती. बाईंनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा उन्हाकडे. मंत्र्याला दुखवून द्रोण मिळेल का, असा प्रश्न त्यांना पडला, आणि पडला म्हणजे उत्तरही आलंच.

“ढब्बू,” त्या म्हणाल्या, “आज अगदी लांब लांब टांगा टाक हं.”

ढब्बूचा चेहरा उजळला. कान हलवत तो असा चालला, की रांगेतल्यांना बाजूला उड्या माराव्या लागल्या. आकडा निघाला तीस.

मुंगूसराव दगडावर चढले. “तळं लाखाच्या वर आणि रांग अवघी तीस. आता विरोधकांनीच सांगावं, तहान उरली आहे कुठे?”

टाळ्यांचा कडकडाट झाला. रांगेतल्यांनीही वाजवल्या, बाईंनीही वाजवल्या. मोजणी त्यांनीच करवून घेतली होती, पण रांग आखूड आहे हे ऐकल्यावर सगळ्यांसारखं त्यांनाही वाटलं, की आता आपला नंबर लवकर लागेल.