दहा हजार एक पानांची पंगत

एका राज्यात राजाची पंगत बसे ती शंभर रांगांची, रांगेत शंभर पानांची. एक कमी नाही, एक जास्त नाही. राजाची हौस, दुसरं काय. एकदा तिथे कालदंष्ट्र नावाचा मांत्रिक आला, दहा हजारांवर एक. मुख्य आचारी महिपत त्याला म्हणाला, "बाहेर थांबा. उरलं तर वाढू." मांत्रिकाने फुंकर मारली आणि महिपताचं तांब्याचं पातेलं झालं. पाहुण्यांना मंडपाबाहेर पाऊल टाकता येईना, ते वेगळंच.

महिपताची बायको सुभानी पत्रावळी लावायची. ती हातातलं काम टाकून धावली.

"मला धरून दहा हजार एक पाहुणे सारख्या रांगांत बसव," मांत्रिक म्हणाला. "एकही उरता कामा नये. सगळ्यांची एकच रांग नको, एकेकाची रांगही नको. तिसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत सगळे जेवून उठले, तर नवरा परत. नाहीतर जन्मभर त्याच्यात आमटी कर."

चुलीकडे निघालेलं पातेलं सुभानीने आधी एका आचाऱ्याच्या हातातून हिसकावून घेतलं.

दरबारचा गणिती एक पोपट होता. त्याने तीन परीक्षा घेतल्या. "शेवटी एक, म्हणजे विषम, दोनाने भाग जात नाही. अंकांची बेरीज दोन, म्हणून तिनाने नाही. शेवटी शून्य नाही, पाच नाही, म्हणून पाचानेही नाही. संख्या मूळ आहे, बाई. एक आणि ती स्वतः, यांखेरीज तिला कोणी भागत नाही." एवढं बोलून तो पेरूकडे वळला.

"तीन दारं ठोठावलीत आणि गाव रिकामं म्हणता?" सुभानी म्हणाली.

तिने पानं मांडायला घेतली. दोन नाही म्हणाला, म्हणजे चार, सहा, आठ यांना विचारायलाच नको. सगळी एकाच घरची माणसं. आणि शंभराच्या पुढे कशाला जायचं? रांगा शंभराहून जास्त झाल्या, तर रांगेतली पानं शंभराहून कमीच होणार, आणि ते आकडे तर आधीच तपासलेले. साताच्या रांगा केल्या, पाच पानं उरली. अकराला दोन, तेराला चार. पाहुणे भुकेने कळवळत शिव्या घालू लागले. तिसऱ्या दुपारी एकाहत्तरला तर एकसष्ट उरली, आणि ती पातेल्याला टेकून रडली. मग नाक पुसून तिने त्र्याहत्तर रांगा मांडल्या. रांगेत एकशे सदतीस पानं. उरलं काहीच नाही.

मांत्रिकाला तिने सदतिसाव्या रांगेत एकोणसत्तरावं पान दिलं. पुढे छत्तीस रांगा, मागे छत्तीस. डावीकडे अडुसष्ट माणसं, उजवीकडे अडुसष्ट. बरोबर मधोमध. शेजाऱ्याने त्याला मीठ सरकवलं, तेव्हा त्याला गहिवरून आलं.

इतक्यात राजा आला. "आमचं पान कुठे आहे?"

दहा हजार दोन झाले, तर सगळं मुसळ केरात.

"महाराज," सुभानी म्हणाली, "आपण वाढायला घ्या."

राजाने निमूट भाताचं तसराळं उचललं. दिवस मावळायच्या आत पंगत जेवून उठली, मांत्रिकाने ढेकर दिली आणि पातेल्याच्या जागी महिपत उभा राहिला.

"भात कोणी केला? चिकट झालाय," तो म्हणाला.

"तुमचाही होतो," सुभानी रडत म्हणाली, "तरी तुम्हीच हवे होतात." मग तिने दोघांची पानं शेजारी शेजारी मांडली आणि वाढायला राजाला हाक मारली.